पाट्या टाकणं बंद कर

“बाई, वाचायला वेळच मिळत नाही,” हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा आणू नकोस. दिवसाला सहा-सात सेशन घेणाऱ्याचा जीव संध्याकाळपर्यंत किती आंबून जातो, हे मला कुणी सांगायला नको. माझीही हयात त्यातच गेली. पण सुपरव्हिजनसाठी म्हणून तू ज्या फायली माझ्याकडे ठेवून गेलास, त्या मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. क्लायंटची नावं नीट झाकली होतीस, तेवढं बरं केलंस. पण नावं झाकल्यावर एक फाईल दुसरीपासून वेगळी ओळखू येईना, हा काय प्रकार आहे? नैराश्य असो, पॅनिक असो, मंत्रचळ असो की रात्र रात्र झोप न येणं असो. पहिल्या सेशनला विचार-भावना-वर्तनाचा त्रिकोण, दुसऱ्याला विचारांतल्या चुकांची यादी, तिसऱ्याला सात रकान्यांचा तक्ता, चौथ्याला दीर्घ श्वसन आणि अंग सैल सोडणं. त्या यादीची झेरॉक्स इतक्या वेळा निघालीय की शेवटच्या दोन ओळी पुसून गेल्यात. ती यादी तुमच्या बॅचला मीच वाटली होती. बाईंचा कागद इतकी वर्षं जपला म्हणून मला गहिवर येईल, असं वाटलं होतं का तुला?

दारावरच्या पाटीवर ‘सीबीटी थेरपिस्ट’ लिहिलंयस आणि आत बसून नुसत्या पाट्या टाकतोयस.

हे वाचून राग येईल. येऊ दे. सासू आपला द्वेषच करते म्हणणाऱ्या सुनेला तू विचारतोस, ‘याला पुरावा काय?’ नोकरी जाणारच म्हणणाऱ्या आयटीतल्या पोराला तेच विचारतोस. स्वतःच्या कामाबद्दल हा प्रश्न शेवटचा कधी विचारलास?

सीबीटीचे, म्हणजे विचार-वर्तन उपचाराचे जनक, ज्यांच्या नावावर आपण जेवतो ते ॲरन बेक मुळात मनोविश्लेषक. फिलाडेल्फियात ते निराश रुग्णांची स्वप्नं तपासत बसले, ते फ्रॉइडच्या परंपरेतलं एक गृहीतक पक्कं करायला. गृहीतक असं की, निराश माणूस दुसऱ्यावरचा राग स्वतःवर उलटवतो आणि त्याला आतून दुःखच हवं असतं. स्वप्नांमध्ये अपेक्षेइतका राग सापडेना. सापडलं ते हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. ज्या पंथात शिक्षण झालं, ज्यात नाव मिळवायचं होतं, त्याच पंथाचं गृहीतक त्यांनी टाकून दिलं. मग १९६१मध्ये नैराश्य मोजायची प्रश्नावली केली, १९७७मध्ये सहकाऱ्यांबरोबर आपली थेरपी इमिप्रामिन या औषधासमोर ४१ रुग्णांवर लावून पाहिली, आणि १९७९मध्ये ते पुस्तक आलं, जे तू कपाटात दर्शनी ठेवलंयस. ४१ रुग्णांचा तो निकाल थेरपीच्या बाजूनं लागला, हे तू वर्कशॉपमध्ये रंगवून सांगतोस. १९८९मध्ये अमेरिकेत २५० रुग्णांची त्याहून मोठी ट्रायल झाली, तिच्यात ती चमक उरली नाही, तीव्र नैराश्यात तर औषधच पुढे गेलं, हे का सांगत नाहीस? आणि २००५मध्ये मध्यम ते तीव्र नैराश्यात थेरपी औषधाच्या बरोबरीनं उतरली, पण दोन केंद्रांपैकी जिथे थेरपिस्ट कमी मुरलेले होते तिथे ती औषधाच्या मागे पडली, हे तरी ठाऊक आहे का? नसणारच. तुझं वाचन १९७९च्या पुस्तकाच्या पाठीवरच्या मजकुरापाशी थांबलंय. बेक मात्र थांबले नाहीत. नव्वदी ओलांडल्यावर हा माणूस दीर्घकाळ स्किझोफ्रेनियानं खचलेल्या लोकांसाठी नवी पद्धत घडवत होता. २०२१मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. तू चाळिशीतच पेन्शनीत निघालास.

आता त्या रबरबँडकडे येऊ.

मंत्रचळाच्या फाईलमध्ये तुझ्या अक्षरात लिहिलंय, नको तो विचार आला की मनगटावरचा रबरबँड ओढून सोडणे आणि मनात ‘थांब’ म्हणणे. मी चष्मा काढून ठेवला. १९८७ साली डॅनियल वेग्नरनं विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि आलाच विचार तर घंटी वाजवा म्हणाला. घंट्या वाजत राहिल्या. नंतर त्याच मुलांना ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या डोक्यात अस्वल जास्त नाचलं. आपल्या धंद्यात हे कुणाला माहीत नाही? तरी तू त्या मुलाला विचार हाकलायला शिकवलंस. त्याला आधीच दाराची कडी मोजून तपासायची सक्ती होती. त्यात तू रबरबँड ओढायच्या सक्तीची भर घातलीस. पुढच्याच सेशनची नोंद बघ, ‘रबरबँडचा वापर नियमित, क्लायंट समाधानी.’ समाधानी असणारच. विधी पार पाडल्यावर घटकाभर बरं वाटतं, तोच तर तो आजार. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायरनं दोन रुग्णांना विधी करू न देता भीतीसमोर बसवलं ते १९६६ साली. त्या घटनेचं वय तुझ्या वयापेक्षा जास्त आहे. नवीन वाचलं नाहीस हा एक गुन्हा, जुनंही धड वाचलं नाहीस हा दुसरा.

पॅनिकच्या फाईलमध्ये निदान एक्स्पोजर तरी आहे. पण कसं? दादरहून ठाण्याला लोकलनं जायचं, हातात पाण्याची बाटली, कानाला बायकोचा फोन, पाकिटात अर्धी गोळी, आणि धडधड वाढली की तू शिकवलेला श्वास. घाबरण्याचे गुण ८०वरून ३०वर आले की उतरायचं. तुमच्या वेळी मी शिकवलं ते फोआ आणि कोझाक यांच्या १९८६च्या मांडणीवरचं होतं. भीती चढते, माणूस तिथेच थांबतो, भीती उतरते, मेंदूला धडा मिळतो. तेव्हा उपलब्ध ज्ञान तेच होतं. त्यानंतर मिशेल क्रॅस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ आणि २०१४मध्ये त्याची पार उलथापालथ केली. सेशनच्या शेवटी भीती किती उतरली यावरून पुढे माणूस किती बरा होईल, हे भरवशानं सांगता येत नाही. जुनी भीती पुसली जात नाही, ती राहतेच. तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते आणि दोघींमध्ये चुरस लागते. म्हणून तर दादरला बरा झालेला माणूस महिन्याभरानं कल्याणच्या गाडीत पुन्हा गळपटतो, आणि तू फाईलमध्ये ‘रिलॅप्स’ लिहून मोकळा होतोस.

यानं उद्याच्या सेशनमध्ये काय बदलतं ते ऐक, कारण मुद्दा तोच आहे. गाडीत चढण्याआधी त्याला विचार, नक्की काय होईल म्हणतोस? ‘बरं वाटणार नाही’ असलं गुळमुळीत उत्तर चालवून घेऊ नकोस. ‘कुर्ल्याच्या आत चक्कर येऊन पडेन’ असं सरळ वाक्य हवं. किती टक्के खात्री? लिहून घे. मग बाटली नाही, फोन नाही, श्वास मोजणं नाही. गोळीबाबत मात्र आधी त्याच्या सायकिॲट्रिस्टशी बोल, परस्पर उपद्व्याप नकोत. गाडीत शिरण्याआधी तुझ्याच खोलीत खुर्चीवर गरगर फिरव, जोरजोरात श्वास घ्यायला लावून तीच चक्कर मुद्दाम आणव. पॅनिकवरच्या थेरपीचे सुटे भाग करून, कुठला भाग किती कामाचा हे पॉम्पोली आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये तपासलं. शरीरातल्या त्या संवेदना मुद्दाम जाग्या करणं उपयोगी भागांत आलं आणि स्नायू सैल सोडण्याचा भाग निकाल खाली ओढणाऱ्यांत. तू नेमकं पहिलं टाळलंस आणि दुसऱ्यावर पूर्ण सेशन घालवलंस. गाडी बदल, वेळ बदल, गर्दी बदल, झोप न झालेल्या सकाळी पाठव. परत आला की भीती किती उतरली हे विचारू नकोस. विचार, ‘पडणार होतास, त्याचं काय झालं?’ बोलू दे त्याला.

आणि हे काही ब्रह्मवाक्य म्हणून सांगत नाहीये. नव्या रीतीचे निकाल जुन्या रीतीपेक्षा दरवेळी सरस येतात, असं ठामपणे अजून दिसलेलं नाही. त्यावर वाद चालू आहे. पण वाद चालू आहे हे माहीत असणं आणि वाद झाल्याचाच पत्ता नसणं, यात काही फरक आहे की नाही?

तुझी सगळ्यात जास्त फी येते ती नैराश्याच्या क्लायंटकडून. तिथे तू विचारतक्त्याला चिकटून बसलायस. नील जेकबसननं १९९६मध्ये बेक यांच्या थेरपीचे तुकडे करून १५० निराश लोकांवर लावून पाहिले. एका गटाला पूर्ण थेरपी, एकाला फक्त वर्तनाचा भाग, म्हणजे माणसाला पुन्हा हालतं-चालतं करणं, बंद पडलेली कामं, भेटीगाठी, आवडीनिवडी टप्प्याटप्प्यानं परत दिवसात आणणं. फक्त वर्तनाचा भाग पूर्ण थेरपीइतकाच लागू पडला. इंग्लंडमध्ये २०१६ची कोब्रा ट्रायल झाली, ४४० लोकांची. मानसोपचारात रीतसर न मुरलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेलं हे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, अनुभवी थेरपिस्टांच्या सीबीटीपेक्षा कमी पडलं नाही आणि स्वस्तात झालं.

इंग्लंड लांबचं वाटत असेल, तर गोव्यात ये. संगत या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाचा उपक्रम केला. त्याचा निकाल २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ४९५ रुग्ण, सगळे मध्यम-तीव्र किंवा तीव्र नैराश्याचे. समुपदेशक कोण? स्थानिक माणसं, मानसशास्त्राची पदवी नसलेली, याच कामासाठी शिकवून तयार केलेली. सहा ते आठ भेटी, भेट जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या मर्यादेखाली आले होते. ज्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे सुधारित नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात ३९ टक्के. वर्षभरानं पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता. पेडणे-काणकोणच्या अंतरात राहणाऱ्या, कोकणी-मराठी बोलणाऱ्या, ‘डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही’ असं सांगत केंद्रात येणाऱ्या माणसांवर हे झालं. तुझ्या वेटिंग रूममध्ये बसतात त्यांच्यासारखीच माणसं. त्या उपक्रमाचं मॅन्युअल फुकट उतरवून घेता येतं. घेतलंस?

मला मात्र त्या उपक्रमातला आकडा सर्वांत मोठा वाटत नाही. त्या समुपदेशकांची सेशन ध्वनिमुद्रित होत होती, गटात बसून ऐकली जात होती, आणि ते एकमेकांना गुण देत होते. असे सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी कितपत जुळतात, हेसुद्धा गोव्यातच तपासलं गेलं आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. पदवी नसलेली माणसं आपलं काम दुसऱ्याच्या कानांवर घालायला तयार झाली. आणि तू? एम.फिल., आरसीआयचा नंबर, काचेचं केबिन. रेकॉर्डिंग मागितलं की ‘क्लायंट कम्फर्टेबल नसतात बाई’. क्लायंटला विचारलंस का एकदा तरी? कम्फर्टेबल कोण नाही ते मला चांगलं कळतं.

तुझ्या एका फाईलवर तर मी बराच वेळ थांबले. खेड्यातून येणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या बाई. लागोपाठ तीन आठवडे शेरा, ‘होमवर्क केले नाही’. चौथ्या आठवड्याचा शेरा, ‘रेझिस्टन्स’. आणि पुढे जोडलेला तक्ता इंग्रजीत! शुद्ध मूर्खपणा आहे हा. ती बाई धार काढून, डबे करून, एसटीनं तुझ्यापर्यंत पोहोचते आणि तू तिला ‘ऑटोमॅटिक थॉट’च्या रकान्यात कोंडून वर विरोधाचा शिक्का मारतोस. सीबीटी आपल्या मातीत कशी मुरवायची यावर पाकिस्तानात फारूक नईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. घरच्यांना सोबत घेणं, शरीराच्या तक्रारीपासून सुरुवात करणं, माणसाच्या बोलीतले शब्द वापरणं, अशा गोष्टी त्यात आहेत. आपल्याहून फार वेगळ्या नसलेल्या घरांतलं ते काम आहे. तिला लिहिता येत नसेल तर दिवसभरात कुठल्या वेळी जिवाला जरा बरं वाटलं एवढं लक्षात ठेवून यायला सांग, आणि भेटीत तिच्या समोर तू लिही. एवढ्याला संशोधन लागत नाही, थोडी लाज लागते.

‘पंधरा वर्षांचा अनुभव आहे बाई’ हे तुझं दुसरं पालुपद. त्या अनुभवाचंही मोजमाप झालंय. गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची वर्षानुवर्षांची माहिती पाहिली. अनुभव वाढला म्हणून निकाल सुधारले नाहीत. सरासरीनं किंचित घसरलेच. त्याआधी २०१२मध्ये वॉलफिश आणि मंडळींनी १२९ मानसोपचारकांना, सहव्यावसायिकांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता असं विचारलं. एकानंही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. चौघांतला एक म्हणाला, मी वरच्या दहा टक्क्यांत. तू त्या चौथ्यात आहेस. हॅनन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये थेरपिस्टांना ५५० क्लायंटांबद्दल अंदाज विचारला, यातलं कोण बिघडेल? त्यांनी तिघांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात बिघडले चाळीस. हे थेरपिस्ट काही नालायक नव्हते. समोरचा माणूस आपल्याशी हसून बोलला की तो सुधारतोय असं आपल्याला वाटतं, एवढंच. म्हणून दर सेशनला मोजायचं असतं. नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे, मराठीत आहे, फुकट आहे, वेटिंग रूममध्ये भरून होते. तुझ्या फायलींमध्ये ती पहिल्या सेशनला आहे आणि नंतर कुठेच नाही. मग सुधारणा झाली हे तू कशावरून लिहितोस? चेहऱ्यावरून?

वाचतोस तेव्हा काय वाचतोस तेही पाहिलं. मध्यंतरी मला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड पाठवलंस, ‘सीबीटीचा प्रभाव घटतोय’, खाली रडका चेहरा. जॉन्सन आणि फ्रिबोर्ग यांचा २०१५चा लेख तो. १९७७ ते २०१४मधले अभ्यास एकत्र करून, नैराश्यात सीबीटीचा परिणाम वर्षागणिक उतरतोय असं त्यांनी मांडलं होतं. मूळ लेख उघडलास? त्याच नियतकालिकात २०१७मध्ये क्रिस्टेया आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि घसरण अशी सरसकट दिसत नाही असं दाखवलं, ते वाचलंस? २०२३मध्ये पिम काय्पर्स आणि सहकाऱ्यांनी ४०९ ट्रायल आणि ५२,७०२ रुग्ण एकत्र पाहिले. सीबीटी नैराश्यात नक्की कामाची. औषधाच्या तुलनेत सुरुवातीला बरोबरीची, सहा महिने ते वर्षभरानंतर सरस. पण इतर मानसोपचारांच्या तुलनेत नावापुरताच फरक. हे शेवटचं वाक्य नीट वाच, कारण तू क्लायंटच्या नातेवाइकांना ‘सीबीटी इज द बेस्ट’ सांगत फिरतोस. असल्या लेखात सगळ्यात आधी बघायचं ते, तुलना कशाशी केलीय. काहीच न देता रांगेत थांबवलेल्या लोकांशी तुलना केली की कुठलीही थेरपी दिमाखदार दिसते.

आपल्या विरोधातल्या संशोधनाच्या तर तू वाटेलाच जात नाहीस. क्रॉनिक फटीग सिंड्रोमवर २०११ची पेस ट्रायल आपल्याकडच्या वर्कशॉपांत किती वर्षं मिरवली! त्यावर रुग्णांनी आणि शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, आणि २०२१मध्ये ब्रिटनच्या नाइसनं गाइडलाइन बदलली. टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवण्याचा उपचार काढला, सीबीटी आजार बरा करण्यासाठी नव्हे, त्रासासह जगायला आधार म्हणून ठेवली. तुझ्या स्लाइडवर अजून जुनीच गाइडलाइन आहे. आणि त्या कारखान्यात अपघात झाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी कामगारांना गोल बसवून ‘काय पाहिलंत, काय वाटलं’ हे एका बैठकीत उकरून काढलंस, त्याचा फोटोही टाकलास. एका बैठकीचं असं डीब्रीफिंग पुढचा आघातविकार टाळत नाही, हे २००२च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. ऑक्सफर्डला रस्ते-अपघातातल्या जखमींवर जो अभ्यास झाला, त्यात सुरुवातीला फार हादरलेल्यांपैकी ज्यांना डीब्रीफिंग मिळालं ते तीन वर्षांनीही त्रासात होते, आणि ज्यांना मिळालं नाही ते सावरले होते. हेतू चांगला होता म्हणू नकोस. केमिस्टनं मुदत संपलेली पट्टी हातात ठेवली, तर त्याचा हेतू विचारतोस का?

झोपेच्या फाईलबद्दल फार लिहीत नाही. ‘चहा कमी करा, मोबाईल लांब ठेवा, कोमट दूध घ्या’ हा कागद देऊन त्याला सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशावरची सीबीटी, म्हणणं ही फसवणूक आहे. नुसत्या झोपेच्या सवयींच्या सल्ल्यावर उपचार म्हणून विसंबू नका, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीनं २०२१मध्ये लिहून ठेवलंय. अंथरुणातला वेळ मोजून कमी करणं, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठणं, ही खरी औषधं. ती कडू आहेत, क्लायंट कुरकुरतो, म्हणून तू देत नाहीस.

‘जर्नल महाग असतात’ हे कारण तयारच असेल तुझ्याकडे. वर सांगितलेल्यांपैकी गोव्याची ट्रायल, कोब्रा, काय्पर्सचा २०२३चा आढावा, तिन्ही पूर्ण लेख फुकट वाचता येतात. पबमेड फुकट आहे. आपल्याच मुंबईत किशोर फडके यांनी १९६८पासून तीन दशकांहून अधिक काळ विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी पत्रव्यवहार केला. शंका लिहायची, पोस्टात टाकायची, न्यूयॉर्कहून उत्तर यायची वाट पाहायची. इंटरनेट नव्हतं, झूम नव्हतं. तुझ्या खिशात फोन आहे आणि त्यात तू रील बघतोस.

नोंदणी टिकवायला लागणारे सीआरई पॉइंट मिळतात म्हणून दोन दिवस हॉटेलात बसून येणं म्हणजे अभ्यास नव्हे, हे तुलाही माहीत आहे. तिथे जेवणाच्या रांगेत मीच तुला पाहिलंय, व्याख्यानाच्या वेळी नाही. महिन्यातून एक ट्रायल, एवढंच मागते. पूर्ण लेख, निष्कर्षाचा परिच्छेद नव्हे. कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, तुलना कशाशी, किती लोक मधेच सोडून गेले, किती महिन्यांनी पुन्हा पाहिलं, आणि यातलं माझ्या सोमवारच्या पहिल्या क्लायंटसाठी काय बदलतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ आलं तरी हरकत नाही, पण ते लिहून ठेव. तुमच्या बॅचमधले चौघे अजून याच शहरात आहेत. त्यांना बोलाव, एकमेकांची सेशन ऐका. गोव्यातल्या समुपदेशकांना जमलं ते तुम्हाला का जमू नये, याचं एकही कारण मला दिसत नाही.

पुढच्या महिन्यात येताना तीन चालू फायली आण. प्रत्येक सेशनचा आकडा पहिल्या पानावर हवा. नैराश्याला पीएचक्यू-९, मंत्रचळाला त्याची स्वतःची मापनपट्टी. क्लायंटच्या लेखी संमतीनं केलेलं एका पूर्ण सेशनचं रेकॉर्डिंग आण. यंग आणि बेक यांच्या थेरपी स्केलवर आधी तू स्वतःला गुण दे, मग मी देईन. ६६पैकी ४० ही उत्तीर्णाची रेषा धरतात, आणि तू तिच्या कुठल्या बाजूला निघशील याबद्दल मला आजच्या फायलींवरून शंका आहे.

मंत्रचळाच्या त्या मुलाला मात्र महिनाभर ताटकळत ठेवू नकोस. त्याला याच आठवड्यात बोलाव, रबरबँड काढायला सांग, तो का चुकीचा होता हे सरळ शब्दांत समजावून दे आणि खऱ्या उपचाराची आखणी त्याच्यासोबत बसून कर. त्या सेशनची फी घेऊ नकोस.